नेट चालू, ब्रांच गायब: छोट्या ऑफिसमधला राऊटिंगचा नेहमीचा घोळ

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात छोट्या कंपन्यांची नेटवर्कं सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, हा फोन त्याला ठरलेला. "सर, गूगल उघडतंय, व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, फक्त सिन्नरचं टॅली लागत नाहीये, आणि गाडी भरून उभी आहे." राऊटर बंद करून चालू केला की कधी कधी लागतं, मग सगळे खूश, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की परत तेच.

खालचं सगळं मी एका ठराविक रचनेला धरून लिहितोय कारण आपल्याकडे बहुतेकांची थोड्याफार फरकाने तीच असते. अंबडला प्लांट, कॉलेज रोडला ऑफिस, सिन्नरला गोडाऊन. प्लांटचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४ (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे), ऑफिसचं १९२.१६८.२०.०/२४, गोडाऊनचं १९२.१६८.३०.०/२४. प्लांटला दोन लाईनी, गोडाऊनला एक फायबर आणि एक सिमवाला राऊटर, तिन्ही जागा व्हीपीएन टनेलने, म्हणजे इंटरनेटवरून काढलेल्या खाजगी बोगद्याने, जोडलेल्या. पहिल्या माणसाने स्टॅटिक राऊट, म्हणजे हाताने लिहिलेले रस्ते, टाकले, दुसरा आला त्याने ओएसपीएफ (राऊटर एकमेकांना रस्ते आपोआप सांगतात तो प्रोटोकॉल) लावला पण जुने स्टॅटिक काढले नाहीत, आणि कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या राऊटरवर अजून रिप (तसाच, पण जुना प्रोटोकॉल) चालू आहे. तिघांचंही काम तेव्हा चाललं होतं. घोळ एवढाच की एकाच जागी जायचे दोन-तीन रस्ते राऊटरला माहीत आहेत आणि त्यातला कुठला आधी हे कुणी बसून ठरवलेलंच नाही, डब्यातून जे डिफॉल्ट आलं ते चाललंय.

लक्षणं

इंटरनेट व्यवस्थित पण दुसऱ्या ब्रांचचा सर्व्हर, कॅमेरे, हजेरीचं मशीन यातलं काहीच दिसत नाही. लाईट जाऊन आली की अर्धा तास गोंधळ आणि मग आपोआप ठीक, किंवा ठीक होतच नाही. फायबर तुटली तरी बॅकअपवर जात नाही, किंवा जातं आणि फायबर जोडली गेली तरी परत येत नाही, आणि महिनाअखेरीला सिमचं बिल बघून शेठ विचारतात हे काय. पिंग जातो पण रिमोट डेस्कटॉप लागत नाही. प्लांटवरून ऑफिस दिसतं, ऑफिसवरून प्लांट नाही. छोटी फाईल जाते, मोठी अडकून बसते. टनेल दर मिनिटा-दोन मिनिटाला वर-खाली. सगळं परत आलं तरी आयपी फोन मुके.

इंटरनेटच अजिबात नसेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, नेटवाल्याला फोन लावा. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यात फायबर तुटणं हे चालायचंच, त्याला राऊटिंग काही करू शकत नाही. राऊटिंगने एवढंच करायचं असतं की एक तुटली तर दुसरीवर जायचं आणि जोडली की परत यायचं.

सगळ्यात आधी, फुकटातलं

एकाच कॉम्प्युटरला अडचण आहे की सगळ्यांना, हे विचारा. ऐकायला बावळट वाटतं पण निम्मे फोन इथेच मिटतात. एकालाच असेल तर त्या मशीनवर आयपीकॉन्फिग मारा आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या राऊटरचा पत्ता, बघा. गेटवे १९२.१६८.१०.१ असायला हवा आणि दिसतोय १९२.१६८.०.१, तर समजा कुणीतरी वायफायची रेंज येत नाही म्हणून घरचा राऊटर आणून त्याच्या लॅन पोर्टात केबल खोचलीये आणि तो डबा आता सगळ्यांना आपलेच आयपी वाटतोय. तो शोधा, काढा. बहुतेक वेळा केबिनच्या मागे, प्रिंटरच्या टेबलाखाली असतो.

दुसरं, टॅलीच्या सर्व्हरला दोन लॅन कार्ड आहेत का आणि दोन्हीला गेटवे भरलाय का. भरला असेल तर विंडोज मेट्रिक (रस्त्याचा पसंतीचा आकडा, कमी तो आधी) बघून स्वतःच्या मताने एक निवडतं आणि उत्तर भलत्याच दारातून बाहेर जातं. गेटवे एकाच कार्डाला ठेवायचा. दुसऱ्या कार्डामागच्या नेटवर्कला जायचं असेल तर तेवढाच राऊट वेगळा लिहायचा. लॅपटॉपवर वायफाय आणि केबल दोन्ही एकदम चालू असतं तिथेही हाच प्रकार.

तिसरं, दोन जागांचे आयपी एकच आहेत का. घरी १९२.१६८.१.०, ऑफिसात १९२.१६८.१.०, गोडाऊनला पण तेच, कारण राऊटर डब्यातून काढला तसाच लावला. अशा वेळी तुम्ही व्हीपीएनमध्ये कुठलाही प्रोटोकॉल लावा, उपयोग नाही, कारण राऊटरला ते नेटवर्क स्वतःच्याच पोर्टावर दिसतं आणि थेट जोडलेल्या नेटवर्कचा डिस्टन्स (राऊट कुठून कळला त्यावरचा भरवशाचा आकडा, कमी तो आधी) ० असतो, त्याच्या पुढे कुणाचं काही चालत नाही. एका जागेचे आयपी बदला. नॅट (पत्ते बदलून पुढे पाठवणं) करून यातून पळवाट निघते, पण पुढच्या माणसाने शिव्या द्याव्यात असं ते काम होतं.

मग ट्रेसर्ट, आणि तो दोन्हीकडून

प्लांटच्या मशीनवरून सिन्नरच्या सर्व्हरला ट्रेसर्ट (पॅकेट कुठल्या राऊटरांवरून जातं ते दाखवणारी कमांड) मारा, हायफन डी लावून, म्हणजे नावं शोधत बसत नाही आणि लवकर होतं. पहिली ओळ तुमचा राऊटर. दुसरी ओळ बघायची. तिथे टनेलच्या पलीकडचा पत्ता आला तर रस्ता बरोबर आहे, अडचण पुढे. तिथे नेटवाल्याचा पत्ता आला तर गंमत आहे: १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी पत्ता तुमचा राऊटर बाहेर इंटरनेटवर पाठवतोय. म्हणजे सिन्नरचा खास राऊट टेबलातून गायब झालाय आणि उरला फक्त डिफॉल्ट राऊट, ज्याला सगळंच चालतं.

आता हेच सिन्नरहून प्लांटकडे मारा. लोक इथे आळस करतात. जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता वेगवेगळ्या राऊटरांनी ठरवलेला असतो, एक बरोबर आहे म्हणून दुसरा बरोबर असेलच असं नाही. जाताना टनेल एकमधून गेलं आणि येताना टनेल दोनमधून आलं तर पिंग बऱ्याचदा चालतो पण टीसीपी (टॅली, रिमोट डेस्कटॉप ज्यावर चालतात ते कनेक्शन) चालत नाही, कारण फायरवॉल कनेक्शनची सुरुवात बघतो, अर्ध्या संभाषणाचं पॅकेट अनोळखी दारातून आलं की टाकून देतो. "पिंग जातोय म्हणजे नेटवर्क ठीक आहे, तुमचं सॉफ्टवेअर बघा" हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही.

राऊट टेबल: कोण जिंकतंय ते बघा

इथपर्यंत काहीच बदललेलं नाही आणि एक पैसा खर्च झालेला नाही. आता राऊटरमध्ये शिरायचं, पण अजून फक्त बघायला. सिस्कोवर शो आयपी राऊट, मायक्रोटिकवर विनबॉक्समध्ये आयपी मग राऊट्स, फोर्टिगेटवर राऊटिंग मॉनिटर.

राऊटर रस्ता निवडतो तो या क्रमाने. पहिल्यांदा सगळ्यात नेमका राऊट, म्हणजे ज्याच्या स्लॅशपुढचा आकडा मोठा. पाकिटावर नुसतं "नाशिक" लिहिलेलं आणि गल्लीपर्यंत पत्ता लिहिलेला यातलं पोस्टमन काय धरेल, तसं. दोन राऊट अगदी त्याच नेटवर्कचे असतील आणि वेगवेगळ्या मार्गाने कळले असतील तरच डिस्टन्स बघायचा, कमी तो जिंकतो. आणि एकाच प्रोटोकॉलमधून दोन रस्ते आले असतील तर मेट्रिक किंवा कॉस्ट.

हा क्रम डोक्यात पक्का नसला की माणूस डिस्टन्स बदलत बसतो आणि काहीच होत नाही. नेहमीचं उदाहरण, कुणीतरी टाईप करायचं वाचवायला १९२.१६८.०.०/१६ असा एक स्टॅटिक टनेल एककडे लिहिलेला असतो, आणि ओएसपीएफकडून १९२.१६८.३०.०/२४ टनेल दोनमधून येतो. स्टॅटिकचा डिस्टन्स १, ओएसपीएफचा ११०, तरी ट्रॅफिक दोनमधूनच जाणार, कारण /२४ जास्त नेमका आहे. डिस्टन्सची पाळी इथे येतच नाही.

आकडे सांगतो, भिंतीवर चिकटवून ठेवा (बीजीपी आणि ईआयजीआरपी हे आणखी दोन प्रोटोकॉल). सिस्कोवर थेट जोडलेलं ०, स्टॅटिक १, बाहेरचा बीजीपी २०, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, रिप १२०, आतला बीजीपी २००, आणि २५५ म्हणजे हा राऊट धरूच नको. मायक्रोटिकवर स्टॅटिक, ओएसपीएफ, रिप, बीजीपीचे आकडे हेच. फोर्टिगेटवर मात्र स्टॅटिक १० असतो आणि डीएचसीपीने (पत्ता आपोआप मिळायची सोय) आलेला डिफॉल्ट राऊट ५. ज्युनिपर तर वेगळ्याच दुनियेत, स्टॅटिक ५, ओएसपीएफ १०, रिप १००, बीजीपी १७०, आणि ओएसपीएफमध्ये बाहेरून आणलेले राऊट १५०. प्लांटला एका कंपनीचा फायरवॉल, गोडाऊनला दुसऱ्याचा राऊटर असं असेल तर दोन्हीकडे तेच कॉन्फिगरेशन लिहूनही दोघं वेगळा निर्णय घेतात, आणि येण्या-जाण्याचे रस्ते वेगळे होतात ते असे.

यातून सगळ्यात जास्त सापडणारी चूक ही. मुख्य रस्ता ओएसपीएफने येतो, आणि बॅकअप म्हणून कुणीतरी स्टॅटिक लिहिला आणि त्याला डिस्टन्स १० दिला, कारण स्टॅटिकचा १ असतो आणि १० त्याहून मोठा. बरोबर, पण लढत ११० शी आहे ना. १० म्हणजे बॅकअपच कायमचा मुख्य झाला आणि ओएसपीएफ बिचारा टेबलाबाहेर बसून. ओएसपीएफचा बॅकअप असणाऱ्या स्टॅटिकला ११० च्या वरचा आकडा हवा, मी २०० देतो, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतं की हा राखीव आहे. रिप कुठे चालू असेल तर १२० पण त्याच्या खालीच येतो.

दोन डिफॉल्ट राऊट आणि ती एक टिक

पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने लागणारी लाईन) किंवा डीएचसीपी क्लायंटमध्ये डिफॉल्ट राऊट आपोआप टाकायची टिक असते. दोन्ही लाईनींवर ती टिक लागलेली असते आणि दोन्हीचा डिस्टन्स १. मग डबा आणि त्याचं व्हर्जन बघून, कधी ट्रॅफिक दोन्हीत वाटला जातो, कधी दोघांपैकी एक कुठलातरी धरला जातो. बँकेची साईट मध्येच लॉगआऊट करते, जीएसटी पोर्टल परत परत लॉगिन मागतं, ते बहुतेक यामुळे, कारण एकदा तुम्ही एका आयपीवरून दिसता, एकदा दुसऱ्या. उपाय सोपा, मुख्य लाईनला १, बॅकअपला २ किंवा १०, टिक ठेवा पण डिस्टन्स लिहा. फोर्टिगेटवर तर हाताने लिहिलेला स्टॅटिक १० आणि डीएचसीपीचा ५, म्हणजे डीएचसीपीवर आलेली सिमची लाईन तुमच्या फायबरला हरवते. मला वाटतं सिमच्या बिलाच्या अर्ध्या तक्रारी इथल्याच असाव्यात.

बॅकअप लागतच नाही

डिस्टन्स बरोबर आहेत तरी फायबर तुटल्यावर बॅकअप लागत नाही? कारण राऊटरच्या दृष्टीने फायबर तुटलेलीच नाही. त्याच्या पोर्टात केबल आहे, पलीकडे नेटवाल्याचा ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा) जिवंत आहे, हिरवा दिवा आहे, तुटलंय ते रस्त्यावर. पोर्ट चालू तोवर राऊट चालू. म्हणून तपासणी लागते. मायक्रोटिकवर चेक गेटवेला पिंग लावतात, दर १० सेकंदाला पिंग, दोन चुकले की गेटवे मेला असं धरतो. पण गेटवे म्हणजे तोच ओएनटी असेल तर तो उत्तर देतच राहणार. तपासायचं ते लांबचं, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखं. मायक्रोटिकवर ते रिकर्सिव्ह राऊटने (गेटवे म्हणून तो लांबचा पत्ता देऊन) होतं, सिस्कोवर आयपी एसएलए आणि ट्रॅकने, फोर्टिगेटवर लिंक मॉनिटरने.

एक बारीक गोष्ट. रिकर्सिव्ह करताना ८.८.८.८ ला फक्त फायबरवरून जायचं असं तुम्ही बांधून टाकता. फायबर तुटली की तो पत्ता ऑफिसातून दिसणार नाही. आणि स्टाफच्या मशीनमध्ये डीएनएस (साईटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) तोच दिलेला असेल तर बॅकअप लागूनही "नेट नाही" अशी बोंब. तपासायला एक पत्ता, डीएनएसला दुसरा.

गोडाऊनला सिम बॅकअप असेल तर आणखी एक, सिमवर मिळणारा पत्ता बऱ्याचदा १००.६४.०.०/१० मधला असतो, म्हणजे नेटवाल्याच्या नॅटमागचा. तिथे बाहेरून टनेल उघडता येत नाही. टनेल गोडाऊनकडूनच सुरू झाला पाहिजे, प्लांट वाट बघणारा. उलटं लावलं असेल तर फायबर असेपर्यंत सगळं चालतं आणि नेमकं गरजेच्या दिवशी नाही.

सगळं परत आलं तरी फोन मुके

हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून जरा थांबून सांगतो. टनेल पडला, सिन्नरचा राऊट गेला, पण आयपी फोन सिन्नरच्या पीबीएक्सला (फोनच्या सर्व्हरला) पॅकेट पाठवतोच आहे. ते डिफॉल्ट राऊटने इंटरनेटकडे निघतं, वाटेत त्याचं नॅट होतं आणि राऊटर आपल्या कनेक्शनच्या वहीत लिहून ठेवतो की हे संभाषण या दाराने. टनेल परत येतो, पण फोन काही थांबत नाही, दर काही सेकंदाला बोलतोच, त्यामुळे ती नोंद शिळी होतच नाही. राऊट टेबल एकदम बरोबर, आणि फोन बंद. मग कुणीतरी राऊटर रिस्टार्ट करतं, नोंदी पुसल्या जातात, फोन लागतो, आणि "राऊटर खराब आहे, बदला" असा निष्कर्ष निघतो. राऊटर बदलला तरी पुढच्या वेळी तेच.

उपाय एका ओळीचा. १९२.१६८.०.०/१६ साठी, आणि १० किंवा १७२.१६ ने सुरू होणारे पत्ते वापरत असाल तर त्यांच्यासाठीही, एक ब्लॅकहोल राऊट लिहा, डिस्टन्स २५४. तो /१६ असल्याने टनेल असताना नेमका /२४ च जिंकतो, हा कुणाच्या मध्ये येत नाही. टनेल पडला की खाजगी पत्त्याचं पॅकेट बाहेर न जाता तिथेच संपतं, चुकीची नोंद तयारच होत नाही. फक्त आधी बघून घ्या, नेटवाल्याकडून वॅनवर (राऊटरच्या इंटरनेटच्या बाजूला) मिळालेला गेटवे त्याच पट्ट्यातला असला तरी थेट जोडलेला असल्याने चालतो, पण त्याच्या पलीकडची एखादी १०.० वाली सेवा वापरत असाल तर तिचा राऊट वेगळा लिहावा लागेल.

टनेल सारखा वर-खाली

जवळजवळ नेहमी कारण एकच. टनेलच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता राऊटरला टनेलमधूनच कळला. टनेल उठतो, ओएसपीएफ सुरू होतो, समोरून राऊट येतो की माझा पब्लिक आयपी माझ्याकडून, हा राऊट डिफॉल्टपेक्षा नेमका, म्हणून टनेलचं पॅकेट टनेलमध्येच घुसतं, टनेल पडतो, राऊट जातो, टनेल उठतो. समोरच्या पब्लिक आयपीचा /३२ स्टॅटिक फायबरच्या गेटवेवरून लिहा, आणि वॅनचं नेटवर्क ओएसपीएफमध्ये जाहीर करणं बंद करा. दोन्ही करा.

आता ओएसपीएफ

पहिला प्रश्न, हवाय का. दोन जागा, एक टनेल: स्टॅटिक, विषय संपला. दोन जागा, दोन टनेल: स्टॅटिक, राखीव स्टॅटिक, आणि वर सांगितलेली तपासणी. तीन जागा त्रिकोणात जोडलेल्या, म्हणजे एक टनेल गेला तर तिसऱ्यावरून फिरून जाता आलं पाहिजे, तिथे ओएसपीएफ शोभतो, कारण स्टॅटिकने ते लिहायला गेलात तर तीन राऊटरवर राखीव राऊटांचं जाळं होतं आणि लूप तयार व्हायला वेळ लागत नाही. एकच एरिया (ओएसपीएफचा विभाग), एरिया शून्य. छोट्या नेटवर्कात तीन एरिया बघितले की कळतं, कुणीतरी परीक्षेचा अभ्यास गिऱ्हाइकाच्या राऊटरवर केलाय.

चालू आहे आणि बिघडलाय, तर नेबरची (ओएसपीएफने जोडलेल्या समोरच्या राऊटरची) अवस्था बघा. फुल असेल तर ठीक. एकाच स्विचवर चार किंवा जास्त राऊटर असतील तर काही जोड्या टू-वेवर थांबतात, तो बिघाड नाही. इनिटवर अडकला म्हणजे समोरचा तुमचं ऐकत नाही, फायरवॉलमध्ये प्रोटोकॉल ८९ अडवलाय का बघा. ८९ हा पोर्ट नाही, टीसीपी ८९ उघडून काही होत नाही. काहीच दिसत नसेल तर एरिया, सबनेट मास्क, हॅलो-डेडचे आकडे (किती सेकंदाला हाक मारायची, किती वेळाने मेला धरायचं), पासवर्ड या चार गोष्टी दोन्हीकडे जुळवा. हॅलो १० आणि डेड ४० सेकंद असतात, नॉन ब्रॉडकास्ट प्रकारात ३० आणि १२०. आणि टनेल नुसता पॉलिसीवाला आयपीसेक असेल तर ओएसपीएफचा मल्टिकास्ट (अनेकांना एकदम पाठवलेलं पॅकेट) त्यातून जातच नाही, जीआरई किंवा राऊटेड टनेल लागतो.

एक्सस्टार्टवर अडकला की एमटीयू (एका पॅकेटची कमाल साईज). डोळे झाकून. पीपीपीओईवर १४९२, जीआरईवर १४७६, एका बाजूला हाताने १५०० लिहिलेलं. मोठी फाईल अडकते त्याचंही मूळ हेच. विंडोजवरून पिंग, हायफन एफ, हायफन एल १४७२ मारून बघा, त्यात २८ बाइटचं हेडर मिळवलं की १५००. जात नसेल तर आकडा कमी करत जा, जिथे जातो तिथे २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. दोन्ही टोकांना तोच लिहा आणि टीसीपीचा एमएसएस क्लॅम्प (टीसीपीचे तुकडे त्या साईजमध्ये बसवणारी सेटिंग) लावा. एमटीयू इग्नोर नावाचं बटण असतं, त्याने नेबर फुल होतो पण मोठी पॅकेटं अडकायची ती अडकतातच, नुसता ताप उतरवायची गोळी.

फुल आहे पण राऊट येत नाहीत: नेटवर्क टाईप एकीकडे ब्रॉडकास्ट, दुसरीकडे पॉइंट टू पॉइंट. जुळवा. राऊट येतात-जातात, लॉगमध्ये राऊटर आयडीची तक्रार: एका राऊटरचा बॅकअप दुसऱ्यावर चढवला आणि आयडी दोघांचा एकच राहिला. फायबर सोडून सावकाश लिंकवरून जातंय: सिस्कोवर कॉस्ट १०० एमबीपीएसला धरून काढतात, त्यामुळे १०० ची लिंक आणि १ जीबीची लिंक दोघांची कॉस्ट १, राऊटरला फरकच कळत नाही. टनेलची कॉस्ट तर हातानेच लिहा, मुख्य १०, दुसरा १००.

स्टाफच्या लॅनवर इंटरफेस पॅसिव्ह ठेवा. तिथे कुणी राऊटर जोडून नेबर व्हायची गरज नाही.

रिप, आणि उरलेले

रिप सापडला तर काढा. ३० सेकंदाला एकदा टेबल ओरडून सांगतो आणि राऊट मेला हे कळायला १८० सेकंद घेतो. तीन मिनिटं म्हणजे तोवर कुणीतरी राऊटरचा प्लग काढून परत लावलेला असतो. काढण्याआधी फक्त बघा की एखादा राऊट खरोखर त्याच्याच भरवशावर नाही ना, टेबलात आर अक्षर कुठे दिसतं का. असेल तर आधी त्याचा स्टॅटिक लिहा. ईआयजीआरपी सगळे डबे सिस्कोचे असतील तरच. बीजीपी छोट्या धंद्याला दोनच वेळा लागतो: क्लाऊडशी दोन टनेल आणि त्यांनी तो मागितला, किंवा स्वतःचा आयपी ब्लॉक आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॉन्फिगरेशनमध्ये रिडिस्ट्रिब्यूट शब्द दिसला, तोही दोन राऊटरवर आणि दोन्ही दिशांनी, तर हात काढून घ्या. एका प्रोटोकॉलचे राऊट दुसऱ्यात, तिथून परत पहिल्यात, असं फिरत असतं, आणि एक डिस्टन्स बदलला की लूप दुसरीकडे उगवतो. बीजीपी असेल तरी थांबा. एमपीएलएसची लाईन (नेटवाल्याने जागा जोडून दिलेली खाजगी लाईन) असून राऊटर नेटवाल्याचा असेल तर त्याला हात लावायचाच नाही, लेखी विचारा की तुम्ही आमच्याशी कुठला प्रोटोकॉल चालवताय. प्लांटचं पीएलसी आणि सीएनसी मशीन त्याच नेटवर्कवर असतील आणि शिफ्ट चालू असेल तर तेव्हा काही बदलू नका, रात्री किंवा सुट्टीला. आणि ज्या लिंकवरून तुम्ही सिन्नरच्या राऊटरमध्ये शिरलाय तीच लिंक बदलणार असाल, तिकडे कुणी माणूस नसेल, तर सेफ मोड लावल्याशिवाय एंटर मारायचा नाही. मायक्रोटिकवर सेफ मोडचं बटण आहे, संपर्क तुटला तर केलेले बदल स्वतः मागे घेतो. सिस्कोवर आधी कॉन्फिगरेशन सेव्ह करून रिलोड इन १० टाकून ठेवा, म्हणजे अडकलात तर दहा मिनिटांत तो जुन्यावर परत येतो. जमलं तर रिलोड कॅन्सल करायला विसरू नका.

माणूस बोलावलात तर त्याच्या हातात हे द्या: तिन्ही राऊटरचा बॅकअप, तिन्हीचे राऊट टेबल, चालू असतानाचे आणि बिघडलेले असतानाचे, दोन्हीकडचे ट्रेसर्ट, आणि कागदावर काढलेलं चित्र ज्यात प्रत्येक रेषेवर हा मुख्य, हा राखीव असं लिहिलंय. चित्र नसेल तर पहिले दोन तास तो तेच काढणार आणि त्याचे पैसे तुम्ही देणार. काम झाल्यावर मुख्य फायबर हाताने उपटून दाखव म्हणा, आणि ती ओएनटीच्या मागची, राऊटरची नाही. मग परत खोचून दाखव. त्यानंतरच बिल, आणि बिलासोबत ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात.